उसना खोकला

डॉक्टर: ...आणि म्हणूनच दोघींना बोलावून घेतलं. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ही. ताई, तुम्ही आणून दिलेल्या थुंकीत टीबीचे जंतू सापडलेत.

सासू: सापडले? खरंच सापडले?

डॉक्टर: हो मावशी. भरपूर.

सासू: सुटलो बाई एकदाचे! ऐकलंस का गं? भरपूर म्हणतायत! मी म्हणत नव्हते, या खेपेला काम होणार म्हणून?

डॉक्टर: मावशी, तुमच्या सुनेला टीबी झालाय असं सांगतेय मी. लॉटरी लागली असं नाही.

सासू: ते कळलं हो मला. कान शाबूत आहेत माझे. पण तुम्हाला नाही कळायचं ते. माझ्या मुलाचं असंच झालं होतं. हिच्यासारखंच ते एचआयव्ही, आणि वर ताप. वजन निम्म्यावर आलं. थुंकी तपासली, कागद आला, ‘स्वच्छ’. पुन्हा तपासली, पुन्हा ‘स्वच्छ’. टीबी नाही म्हणाले, म्हणून टीबीचं औषध नाही. स्वच्छ स्वच्छ म्हणत पोरगा गेला माझा. आमचं इस्त्रीचं दुकान आहे डॉक्टर, पण गिऱ्हाईक ‘कपडे स्वच्छ आलेत’ म्हणालं ना, तरी माझं डोकं फिरतं.

डॉक्टर: मावशी, पाणी घ्या आधी. किती खोकताय. आणि मास्क नाकावर घ्या, हनुवटीला काही होत नाही.

सासू: हा होय? हा कोळशाचा खोकला. जन्म गेला कोळशाची इस्त्री फिरवण्यात, तेव्हाची सोबत आहे ही. तुम्ही त्याच्याकडे लक्ष देऊ नका, हिला औषध द्या.

डॉक्टर: देतेच आहे. ताई, तुम्ही काहीच बोलत नाही?

सून: ऐकतेय.

डॉक्टर: घाबरू नका. एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी लवकर गाठतो आणि गाठला की दडून बसतो, हीच तर आमची डोकेदुखी आहे. तुमचा सापडलाय, म्हणजे अर्धी लढाई झाली. आता न चुकता गोळ्या घेतल्यात तर बऱ्या व्हाल. मध्ये तुमच्या एचआयव्हीच्या गोळ्या सुटल्या होत्या, तसं मात्र चालणार नाही.

सून: तेव्हा ह्यांचं आजारपण होतं. मग ते गेले. मग कशातच लक्ष नव्हतं.

डॉक्टर: माहीत आहे मला. ओरडत नाहीये मी. पहिल्या गोळ्या इथेच घ्यायच्या, माझ्यासमोर. ह्या घ्या, आणि हे पाणी.

सासू: घे, घे. शुभस्य शीघ्रम्.

सून: जरा थांबू?

सासू: थांबून काय मुहूर्त काढायचाय का आता?

सून: डॉक्टर, एक विचारायचं होतं. थुंकीत जंतू सापडले म्हणजे ज्याची थुंकी त्यालाच टीबी ना?

डॉक्टर: म्हणजे काय? त्यालाच.

सून: आणि त्याने औषध घेतलं नाही तर?

डॉक्टर: तर तो खंगत जातो. आणि त्याच्या खोकल्यातून घरातल्या माणसांना होतो. तुम्ही असं कोड्यात का बोलताय?

सासू: ताप आहे हो तिला. तापात काहीबाही बोलते. गोळी गिळ आधी, मग विचार काय विचारायचं ते.

सून: आई, तुमचं अंथरूण मी रोज वाळत घालते. घामाने भिजलेलं असतं.

सासू: उकडतं म्हणून भिजतं.

सून: उकाडा कधीच सरला. आणि तुमचे ब्लाउज मीच आत घेऊन दिलेत, दोनदा. तुम्ही म्हणालात, कापड सैल पडलंय.

सासू: अगं इथे माझ्या ब्लाउजचं काय काढलंस? डॉक्टरांना वेळ नाही.

सून: डॉक्टर, त्या कपातली थुंकी माझी नव्हती.

सासू: गप बस!

डॉक्टर: काय म्हणालात?

सासू: काही नाही म्हणाली. चल, आ कर. लहान मुलासारखं करू नकोस.

सून: रात्री मी खूप प्रयत्न केला. सकाळी उठून पुन्हा केला. मला खोकला कोरडाच येतो, नुसती उबळ. थुंकी म्हणून काही निघतच नाही, लाळ येते. कप तसाच मोरीच्या कठड्यावर ठेवला आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर आईंनी झाकण लावलेला कप हातात दिला. मी तो घेतला आणि इथे आणून दिला.

डॉक्टर: मावशी.

सासू: काय?

डॉक्टर: इकडे बघा माझ्याकडे. कप कुणी भरला?

सासू: मी भरला. झाकण घट्ट लावलं, बाहेरून पुसून दिला. चोरी नाही केली. घरचाच खोकला घरच्याच कामाला वापरला.

डॉक्टर: अहो पण का?

सासू: का म्हणजे? तुमच्या कप घ्यायच्या खिडकीवर पाटी लावलीय ना, ‘लाळ चालणार नाही, बेडका आणावा’? माझ्या देखत तिथल्या माणसाने एका बाईला कप परत दिला. म्हणाला, ही लाळ आहे, नीट घेऊन या. ती बाई गेली ती गेली. पुन्हा आलेली मी तरी बघितली नाही. माझ्या मुलालाही असंच परत पाठवायचे. त्याच्यात तेव्हा बसायची ताकद नव्हती, तो खोकून खोकून काय काढणार होता? मी ठरवलं, हिचा कप रिकामा जाणार नाही. माझ्याकडे भरपूर आहे, दिला त्यातला. चुकलं असेल तर मला बोला. पण काम झालं ना? औषध मिळालं ना हिला?

सून: आई, ऐका. ते जंतू तुमचे आहेत.

सासू: माझे कुठून आले? माझा कोळशाचा आहे खोकला.

सून: तुमच्या थुंकीत सापडलेत.

सासू: अगं मी धडधाकट आहे. सकाळपासून पाच किलोची इस्त्री फिरवते...

डॉक्टर: मावशी, उठा. या खुर्चीवर या, खिडकीशी. मास्क वर घ्या. हां, असं. ती बरोबर बोलतेय.

सासू: थांबा जरा. म्हणजे मला टीबी झालाय? मला? आणि हिला नाही?

डॉक्टर: हिला आहे की नाही, ते मला माहीत नाही. दहा मिनिटांपूर्वी माहीत होतं. आता नाही.

सासू: हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच की.

डॉक्टर: तुम्ही काय केलंत कळतंय का तुम्हाला? मी आता हिला त्या गोळ्या चारल्या असत्या! टीबी नसताना महिनोन् महिने खाल्ल्या असत्या तिने. आणि तुम्ही, जिला खरोखर गरज आहे ती बाई, दुकानात खोकत बसली असती. कुणाचा रोग आणि कुणाला औषध! चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तसं झालं हे.

सासू: ओरड. ओरड मला. पण तो टीबीचा अभ्यास चाललाय ना तुमचा, सही करून हिचं नाव घातलंय तो, त्यातून हिला बाहेर काढू नकोस. पाया पडते तुझ्या. लबाडी माझी आहे, हिचं काही नाही त्यात.

सून: कप मी आणून दिला, आई. माझंही आहे.

सासू: तू मध्ये बोलू नकोस गं! डॉक्टर, मी दुसरा कप भरवून आणते हिच्याकडून. रोज वाफ देते, गरम पाणी देते, पाठ चोळते. निघेल, कधीतरी निघेलच. तोवर हिचं नाव राहू दे.

डॉक्टर: कप भरायची गरज नव्हती, मावशी.

सासू: म्हणजे?

डॉक्टर: आम्हाला रिकामा कपच हवा होता.

सासू: थट्टा करतेस माझी?

डॉक्टर: नाही हो. सगळा अभ्यास त्याच्यावरच आहे. एचआयव्ही असलेली माणसं टीबीने मरतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांना थुंकीच येत नाही, किंवा आली तर त्यात जंतू दिसत नाहीत. कारण टीबी फुप्फुसात असतोच असं नाही. गाठींत असतो, पोटात असतो, रक्तात फिरतो. त्यांचा टीबी दुसऱ्या कुठल्या वाटेने पकडता येईल, हेच शोधतोय आम्ही. कप रिकामा आला की आम्ही लघवीची तपासणी करतो. हिच्यासारख्यांसाठीच हे सगळं उभं केलंय.

सासू: हे मला कुणी सांगितलं?

डॉक्टर: सही घेताना सगळं वाचून दाखवलं होतं मी. तुम्ही दोघी होतात.

सासू: वाचलंस की. गाडी सुटल्यासारखं वाचलंस. आम्ही मान हलवली. आणि बाहेर येऊन बघतो तर पाटीवर काय? लाळ चालणार नाही! मग माणूस कशावर विश्वास ठेवेल, तुझ्या बोलण्यावर की पाटीवर?

सून: आई, पुरे.

डॉक्टर: नाही, बोलू दे त्यांना. ती पाटी मीच लावलीय.

सासू: तू?

डॉक्टर: मी. नुसती लाळ यायची, प्रयोगशाळेतली माणसं वैतागायची, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून लावली. ज्यांना बेडका येत नाही त्यांच्यासाठी अभ्यास काढला, आणि दारातच लिहून ठेवलं की बेडका नसेल तर येऊ नका. शाबास माझी!

सून: आम्हाला हे काही माहीत नव्हतं.

डॉक्टर: मला तर माहीत असायला हवं होतं ना? आणि आता मनात येतंय, तुम्ही एकट्याच कशा असाल? घरून आलेल्या आणखी किती कपांत नवऱ्याचा, जावेचा, शेजाऱ्याचा खोकला असेल? मी ते सगळे कप खरे धरून बसलेय.

सासू: मग आता काय करणार? मोठे डॉक्टर रागावतील?

डॉक्टर: सर? सोलून काढतील. काढू देत. आजच सांगणार आहे मी त्यांना. पाटी काढायची, कप घरी द्यायचे बंद, इथेच समोर बसवून घ्यायचे. ज्यांचे घरून आलेत त्या सगळ्यांना परत बोलवायचं, एकेकाला. महिनाभराचं काम वाढलं, पण त्याला इलाज नाही. खोट्या कपांवर खरं उत्तर कसं निघणार?

सून: आणि मी?

डॉक्टर: तुम्ही कुठे चाललात? इथेच आहात. खरं सांगितलं म्हणून कुणाला काढत नाही आम्ही. ही बाटली घ्या. बाथरूम त्या कपाटाच्या मागे आहे. लघवी आणून द्या, आत्ता, ताजी. त्यात एक पट्टी लावायची असते. शरीरात टीबी पसरलेला असेल तर जंतूंच्या अंगावरचा एक अंश लघवीत उतरतो, आणि पट्टीवर रेघ उमटते. अर्ध्या तासात कळेल. जा. आणि मावशी, तुम्ही तिच्यामागे जायचं नाही.

सासू: नाही गं बाई. एवढं काय ते!

डॉक्टर: बाटली मी तिच्याच हातून घेणार आहे. तुमच्यावरचा विश्वास उडालाय माझा.

(डॉक्टर बाटली घेऊन आतल्या खोलीत जाते. सासू खिडकीशी, सून दाराशी बसलेली.)

सासू: इतकी लांब का बसलीस?

सून: डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

सासू: बरोबर सांगितलं. अजून लांब बस.

सून: याच्या पलीकडे जिना आहे, आई.

सासू: मीच दिला तुला. नाही का? रात्रंदिवस एका खोलीत खोकत होते. आणि वर तुलाच म्हणायचे, काय गं बारीक झालीस, जेवत का नाहीस? मीच खात होते तुला.

सून: असलं काही बोलू नका.

सासू: मग काय बोलू?

सून: आधी मला आहे की नाही तेच कळायचंय. आणि असला तर कुणी कुणाला दिला ते कोण सांगणार? ते होते, तुम्ही होतात, मी होते. तिघं एका खोलीत. खिडकी एकच, आणि तीही लोकांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांनी बंद.

सासू: गठ्ठे आजच हलवते. आणि मी दुकानात झोपत जाईन.

सून: कुठे? टेबलावर?

सासू: टेबलावर. चांगलं रुंद आहे. मऊ कापड घातलंय वर. तुला काय करायचंय?

सून: मला काय करायचंय? लोक विचारतील, म्हातारी दुकानात का झोपते? मी काय सांगू? नवरा गेला आणि वर्षभरात सुनेने सासूला बाहेर काढलं, असं म्हणतील.

सासू: लोकांच्या तोंडाला कुणी हात लावलाय? म्हणू दे.

सून: ते गेले तेव्हा तुमचे भाऊ आले होते. आठवतंय? म्हणाले, हिला माहेरी पाठवून दे, हा रोग घरात कशाला ठेवतेस? तुम्ही काय म्हणाला होतात?

सासू: काय म्हणाले होते?

सून: म्हणालात, आधी तू निघ.

सासू: मग? चहाही दिला नव्हता त्याला.

सून: मग आता तेच बोलणं माझ्यावर आणू नका. कुणी कुठे जात नाही. गठ्ठे दुकानात झोपतील, आपण दोघी घरात झोपू. खिडकी उघडी टाकून. तुमचं अंथरूण खिडकीखाली, माझं दाराशी. डॉक्टर सांगतील तोवर मास्क लावायचा, झोपताना सुद्धा.

सासू: झोपेत घोरते मी. मास्क उडून जाईल.

सून: मग मी उठून लावीन.

सासू: फार बोलायला शिकलीस.

सून: तुमच्याच हाताखाली आहे.

सासू: एक विचारू? खरं सांग. कप हातात दिला तेव्हा तुला कळलं होतं?

सून: हो.

सासू: मग तेव्हा का नाही बोललीस?

सून: भीती वाटली. मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं, रिकामा कप नेला की परत पाठवतील. झाकण उघडून बघितलंच नाही मी. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं. मला मरायचं नव्हतं, आई.

सासू: कुणाला मरायचं असतं? मग आज कशाला तोंड उघडलंस? घ्यायच्या होत्यास गोळ्या मुकाट्याने.

सून: ‘भरपूर सापडले’ म्हणाल्या ना त्या. तुम्ही आनंदाने ओरडलात. तुम्हाला कळलंच नव्हतं की त्या तुमच्याबद्दल बोलतायत. मला ते बघवेना.

सासू: मूर्ख आहेस.

सून: असेन. पण तुम्ही गेलात तर मी एकटीने काय करू? मला अजून शर्टाची कॉलर धड जमत नाही.

सासू: ते खरंय. पाच वर्षं झाली, अजून कॉलर जाळतेस.

सून: जाळत नाही. पिवळी पडते.

सासू: पिवळी पडली म्हणजे जळालीच. अगं रडतेस काय? डोळे पूस. मी काही इतक्यात जात नाही. तुझी कॉलर नीट बसल्याशिवाय तर मुळीच नाही.

सून: मग गोळ्या घ्याल?

सासू: आधी तुझं काय ते कळू दे.

सून: नाही. आत्ता सांगा. माझं काहीही निघो, तुम्ही घ्याल की नाही?

सासू: मी म्हातारी बाई. मला काय व्हायचंय आता?

सून: आई.

सासू: घेईन म्हटलं ना! डोळे कसले वटारतेस सासूवर? घेईन. आली ती बघ, आली.

डॉक्टर: उशीर झाला थोडा. मी एकटीने पट्टी वाचायची नाही, असा आमचा नियम आहे. दोघांनी वेगवेगळी वाचायची, एकमेकांना न विचारता. कुणाचं मन आड येऊ नये म्हणून.

सासू: मग? काय दिसलं?

डॉक्टर: रेघ आहे. फिकट आहे, पण आहे. दोघांनाही दिसली.

सून: म्हणजे मलाही आहे.

डॉक्टर: हो ताई. ही तुमच्या स्वतःच्या शरीरातून आलेली खबर आहे. आता उधारीचं काही नाही. बाकीच्या तपासण्या करू, पण औषधासाठी त्यांची वाट बघत बसणार नाही मी. तुमची तब्येत बघता आजच सुरू करायचं. एचआयव्हीच्या गोळ्यांतली एक आता दिवसातून दोनदा घ्यावी लागेल, टीबीचं औषध तिचा जोर कमी करतं म्हणून. ते मी नीट समजावते.

सून: सावकाश समजावा.

डॉक्टर: सावकाशच. मावशी, आता नाही ‘सुटलो’ म्हणालात? मघाशी तर नाचायच्या बेतात होतात.

सासू: मघाशी काय ऐकत होते तेच कळत नव्हतं मला. डॉक्टर, एक सांग. माझ्या मुलाच्या वेळी ही पट्टी होती?

डॉक्टर: होती.

सासू: कुठे होती?

डॉक्टर: जगात होती. आमच्याकडे नव्हती. मिळाली असती तरी कुणाकुणाची लावायची, त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे इथे कुणी ठरवलेलं नव्हतं. थुंकी स्वच्छ आली की टीबी नाही, असं धरून चालायचे सगळे. मीही तशीच चालायचे. त्याला लावली असती तर कदाचित रेघ आली असती. नक्की नाही सांगता येत, मावशी. खोटं बोलणार नाही.

सासू: बोललीस हे बरं केलंस. इतक्या दिवसांत कुणी असं सरळ सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मीच कुठे कमी पडले. आणखी एखादा दवाखाना गाठायला हवा होता, आणखी कुणाच्या तरी पाया पडायला हवं होतं.

सून: तुम्ही कमी नाही पडलात, आई. पाठीवर घेऊन जिने चढलात त्यांना.

सासू: हं. मग लिही डॉक्टर, सगळं लिही तुझ्या त्या अभ्यासात. कप रिकामा होता आणि रेघ आली, हे लिही. सासूने लबाडी केली तेही लिही, वगळू नकोस. मला लाज नाही त्याची. दुसऱ्या कुठल्या तरी गावातला डॉक्टर वाचेल आणि कुणाच्या तरी मुलाला ‘स्वच्छ’ म्हणून घरी पाठवणार नाही.

डॉक्टर: लिहिणार आहे. सगळं, जसं झालं तसं. आता तुमचं बोलू. तुमच्या गोळ्या खालून मागवल्यात, येतीलच. नाव तुमचं वेगळं लिहायचं, छातीचा फोटो काढायचा, आणि एचआयव्हीची तपासणी करायची.

सासू: माझी? या वयात? अगं माझा नवरा जाऊन बावीस वर्षं झाली!

डॉक्टर: टीबी निघाला की सगळ्यांचीच करतो. वय विचारत नाही.

सासू: ऐकलंस गं? अजून मला कुणी तरुण समजतंय!

सून: करून घ्या गुपचूप. माझ्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, सुईला काय घाबरायचं?

सासू: सुईला कोण घाबरतंय? बरं, दे तिच्या गोळ्या दे आधी. माझ्यासमोर घेऊ दे. आता हक्काच्या आहेत तिच्या.

डॉक्टर: घ्या ताई. एकदम नका, एकेक करून.

सून: केवढ्या मोठ्या आहेत या.

सासू: गिळ. मान मागे टाक आणि गिळ. हां. दुसरी. शाब्बास.

सून: झालं.

डॉक्टर: तोंड उघडून दाखवा. छान. आणि मावशी, ह्या तुमच्या आल्या बघा. मास्क काढा, खिडकीकडे तोंड करा, आणि घ्या. थांबा, ग्लास एकच आहे इथे, धुवून आणते.

सासू: राहू दे गं. धुवायचं काय त्यात? सुनेचंच तर उष्टं आहे.